दोन तासांचे विमान, साडेआठ तासांचा प्रवास

हल्ली उन्हाळ्याची सुट्टी जवळ आली की आपल्या तालुक्याच्या गावांतूनही युरोपच्या सहलीला निघालेली मंडळी दिसू लागतात. निवृत्तीनंतर फंडाचे पैसे हाती आले, मुले मार्गी लागली, की नवरा-बायको म्हणतात, एकदा परदेश बघून येऊ. चांगली गोष्ट आहे. काशी-रामेश्वर झाले, आता रोम-अथेन्स. निघण्यापूर्वी यातले बरेचजण रक्तदाब मोजून घ्यायला आणि गोळ्यांची यादी लिहून घ्यायला दवाखान्यात येतात. सोबत सहल कंपनीचा छापील कार्यक्रम असतो. त्यात अशी एक ओळ हमखास सापडते : सकाळी न्याहारीनंतर रोमहून विमानाने अथेन्सकडे प्रयाण. त्या दिवशीच्या औषधांचे काय ठरवले आहे, असे मी विचारू लागलो की उत्तर मिळते, "त्यात काय ठरवायचं डॉक्टर, दोन तासांचं तर विमान!"

आजचा लेख या दोन तासांविषयी आहे.

आधी अंतर पाहू. रोमचे फ्युमिचिनो विमानतळ आणि अथेन्सचे विमानतळ यांच्यातले सरळ हवाई अंतर सुमारे १,०८५ किलोमीटर आहे. वैमानिकांच्या सागरी मैलांत सांगायचे तर ५८६ च्या आसपास. आपल्याला अंदाज यावा म्हणून सांगतो, मुंबई ते दिल्ली हे हवाई अंतर सुमारे १,१४० किलोमीटर आहे. म्हणजे रोम-अथेन्स त्याहून थोडे कमीच. विमान रोमहून आग्नेयेला निघते, इटलीच्या बुटाची टाच ओलांडते, आयोनियन समुद्रावरून कॉर्फू बेटाच्या बाजूने ग्रीसच्या भूमीवर शिरते आणि डोंगर ओलांडून अथेन्सच्या पूर्वेला उतरते. ताशी आठशे किलोमीटरच्या वेगाने हा हिशेब सव्वा-दीड तासाचा होतो. वेळापत्रकात दोन तास लिहिलेले असतात, कारण गेटपासून धावपट्टीपर्यंत सरपटत जाणे, रांगेत थांबणे, चढणे, उतरणे आणि पुन्हा सरपटत गेटला लागणे हे सारे त्यात धरलेले असते. वरच्या थरातले वारे या भागात बहुधा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात, म्हणून जाताना विमानाला पाठबळ मिळते आणि परतताना पाच-दहा मिनिटे जास्त लागतात. तेव्हा विमान कंपनीचे दोन तास हे अगदी खरे आहेत. त्यात लबाडी नाही.

पण विमान उडते तेवढाच प्रवास असे मानणे म्हणजे लग्नाला लागणारा वेळ मंगलाष्टकांपुरता धरण्यासारखे आहे.

रोममधल्या हॉटेलातून सकाळी साडेनऊचे विमान गाठायचे आहे असे समजा. सहलीच्या गटाला दोन तास आधी, म्हणजे साडेसातला विमानतळावर हजर राहावे लागते. फ्युमिचिनो शहरापासून तीसएक किलोमीटरवर, समुद्राकाठी आहे. रोमच्या मुख्य स्टेशनवरून थेट रेल्वे निघते ती ३२ मिनिटांत पोचवते, पण सहलीच्या बसला सकाळच्या गर्दीत त्याहून बराच जास्त वेळ लागतो. चाळीस माणसांचे सामान बसमध्ये चढवायचे म्हणजे सव्वासहाला खाली उतरायला हवे. त्यासाठी आंघोळ, पूजा, बॅगा यांसाठी पाचला उठणे आले. साडेनऊला विमान सुटते, दोन तासांनी अथेन्सला टेकते. पट्ट्यावरून बॅगा येईपर्यंत अर्धा तास. अथेन्सचे विमानतळही शहराबाहेर स्पाटा गावाजवळ आहे, तिथून मेट्रोने शहराच्या मध्यभागी यायला चाळीसएक मिनिटे लागतात, बसला गर्दीप्रमाणे कमीजास्त. पुढे हॉटेल, चाव्या, 'आमची खोली कोणती' हा गोंधळ, आणि मग जेवण. रोमच्या घड्याळाप्रमाणे पहाटे पाचला उठलेला माणूस दुपारी दीडच्या सुमारास ताटावर बसतो. झाले साडेआठ तास. त्यातले हवेतले फार तर दीड.

गंमत म्हणजे पूर्वी हा प्रवास शरीराला आजच्यापेक्षा थोडा कमी पडत होता. अथेन्सचे जुने एलिनिकॉन विमानतळ शहराला लागूनच होते. ते जाऊन मार्च २००१ मध्ये स्पाट्याचे नवे विमानतळ सुरू झाले, २००४ च्या ऑलिंपिकच्या आधी. फ्युमिचिनोचीही कथा तशीच. १९६० च्या रोम ऑलिंपिकच्या सुमारास ते उभे राहिले आणि शहराजवळच्या जुन्या चांपिनोवरची बरीचशी वाहतूक तिकडे गेली. विमाने वेगवान झाली, विमानतळ मात्र लांब गेले. दोन शहरांतले अंतर तसूभर बदलले नाही, तरी माणसाचा दिवस लांबला.

यात आणखी एक घोळ आहे तो घड्याळाचा. ग्रीसचे घड्याळ इटलीच्या एक तास पुढे असते. उन्हाळ्यात दोन्ही देश एकाच दिवशी घड्याळ एक तास पुढे करतात आणि एकाच दिवशी मागे घेतात, त्यामुळे हा एका तासाचा फरक बारा महिने टिकतो. साडेनऊला निघालेले विमान अथेन्सच्या घड्याळाने साडेबाराला उतरते, म्हणून तिकिटावर पाहणाऱ्याला वाटते की तीन तास लागले. परतताना सकाळी साडेनऊला अथेन्सहून निघालेले विमान रोमला साडेदहाच्या सुमारास उतरते आणि वाटते, अरेच्चा, एकाच तासात आलो! तीनही नाही आणि एकही नाही, दोन्ही वेळा साधारण दोनच तास. त्यातून आपल्या भारतीय वेळेच्या उन्हाळ्यात रोम साडेतीन तास मागे आणि अथेन्स अडीच तास मागे. हिवाळ्यात त्यात प्रत्येकी एक तास वाढवायचा. हातात एक घड्याळ, मोबाइलमध्ये दुसरी वेळ, कार्यक्रमपत्रिकेत तिसरी. अशा वेळी "माझी आठची गोळी" या शब्दांना काही अर्थ उरत नाही.

हे सारे सविस्तर सांगण्याचे कारण माझे एक पेशंट. जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले गुरुजी, वय ६४, मधुमेह अठरा वर्षांचा. सकाळ-संध्याकाळ मिश्र इन्शुलिन घेतात. हिशेबाचे पक्के. काही वर्षांपूर्वी ते आणि बाई याच मार्गाने गेले होते. त्या दिवशी गुरुजींनी पहाटे साडेपाचला खोलीतच इन्शुलिन टोचून घेतले, कारण पुढे बॅग बंद होणार होती. हॉटेलचे न्याहारीघर सातला उघडणार होते, म्हणून सहलीच्या माणसाने बसमध्ये प्रत्येकाला एकेक खोका दिला. खोक्यात एक पाव होता, त्यात काय भरले आहे ते कळेना. गुरुजी शाकाहारी. त्यांनी पाव बाजूला ठेवला आणि एक सफरचंद खाल्ले. दोन तासांचे तर विमान, अथेन्सला उतरून व्यवस्थित जेवू, हा त्यांचा हिशेब.

साडेआठच्या सुमारास सुरक्षा तपासणीच्या रांगेत त्यांना दरदरून घाम फुटला. हात थरथरू लागले. पट्टा काढा, बूट काढा असे कोणी सांगितले तर ते भलतेच चिडले. हा माणूस चाळीस वर्षांत शाळेत कोणावर ओरडला नव्हता. सहलीतल्या लोकांना वाटले, गुरुजींचा पारा चढला. बाईंनी मात्र ओळखले, कारण हे दृश्य त्यांनी घरी एकदा पाहिले होते. त्याच खोक्यातला फळांच्या रसाचा डबा तपासणीत टाकून द्यावा लागणार होता. तो त्यांनी तिथेच फोडला आणि गुरुजींच्या तोंडाला लावला. वर पर्समधली राजगिऱ्याची चिक्की दिली. पंधरा-वीस मिनिटांत गुरुजी भानावर आले आणि विमानही चुकले नाही. बाईंनी ओळखले नसते तर पुढचे दोन तास विमानात काय झाले असते, याचा विचार मला आजही नकोसा वाटतो. रक्तातली साखर फार खाली गेली तर झटका येतो, शुद्ध जाते.

पहाटे साडेपाचला घेतलेले इन्शुलिन आणि दुपारी दीडचे जेवण यांत आठ तास. मिश्र इन्शुलिनचा जोर मधल्या सगळ्या वेळात चालू असतो. त्याला रोम कळत नाही, अथेन्स कळत नाही आणि किलोमीटर तर नाहीच नाही. त्याला फक्त एवढे कळते की साखर यायची होती, ती आली नाही.

तेव्हा इन्शुलिन घेणाऱ्यांनी प्रवासाच्या दिवशी घड्याळापेक्षा ताटाकडे पाहावे. पोटभर खाणे प्रत्यक्ष समोर आले, ते आपण खाणार आहोत याची खात्री झाली, की मगच सुई. न्याहारी नुसती ऐकीव असेल तर थांबावे. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड या जातीच्या गोळ्यांनाही हेच लागू. त्याही उपाशीपोटी साखर खाली नेतात. नुसती मेटफॉर्मिन घेणाऱ्यांना हा धोका फारसा नाही. रोम-अथेन्स या एका तासाच्या फरकासाठी इन्शुलिनची मात्रा बदलण्याची गरज नाही. भारतातून निघताना मात्र दिवस साडेतीन-साडेचार तासांनी लांबतो, त्याचे वेळापत्रक आपल्या डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्यावे. खिशात, बॅगेत नव्हे, ग्लुकोजची पुडी किंवा खडीसाखर असावी. साखर खाली गेल्याची शंका आली तर तीन चमचे साखर, पंधरा मिनिटे थांबायचे, बरे नाही वाटले तर पुन्हा तेवढीच, आणि नंतर काहीतरी भरीव खाणे. चाचणी करत बसायला यंत्र हाताशी नसेल तर आधी साखर खावी. एखाद्या वेळी साखर थोडी वाढली तर काही बिघडत नाही.

सुया, इन्शुलिन आणि सर्व गोळ्या हातातल्या बॅगेतच ठेवाव्यात. खाली सामानाच्या कप्प्यात इन्शुलिन गोठण्याची भीती असते, आणि गोठलेले इन्शुलिन वितळले तरी वापरता येत नाही. शिवाय चुकलेली बॅग दोन दिवसांनी सापडते, तोपर्यंत काय करणार?

आता हवेतल्या दीड तासाकडे वळू. पुष्कळांचा समज असा की लांबच्या विमानात त्रास होतो, जवळच्या विमानात होत नाही. पायांच्या बाबतीत हे बरेच खरे आहे, ते पुढे येईल. फुप्फुसांच्या आणि कानांच्या बाबतीत ते खरे नाही. रोम-अथेन्सचे विमानही मुंबई-रोमच्या विमानासारखेच तीस-पस्तीस हजार फुटांवर जाते. बाहेरची हवा तिथे इतकी विरळ असते की माणूस काही सेकंदांत बेशुद्ध पडेल. म्हणून आत यंत्राने दाब राखतात, पण तो जमिनीइतका राखत नाहीत. तो साधारण सहा ते आठ हजार फूट उंचीवरच्या हवेइतका असतो. आपले कळसूबाई १,६४६ मीटर, म्हणजे ५,४०० फूट. विमानात बसलेला माणूस कळसूबाईच्याही वर, जवळजवळ उटीच्या उंचीवर बसलेला असतो, आणि तिथे तो वीस-पंचवीस मिनिटांत पोचलेला असतो. आठ हजार फुटांवर प्रत्येक श्वासात मिळणारा प्राणवायू समुद्रकाठाच्या सुमारे तीन चतुर्थांश. निरोगी माणसाला हे कळतही नाही. पण जुनाट दमा, विडीने खराब झालेली फुप्फुसे, दुबळे हृदय किंवा फार कमी रक्त असलेल्या माणसाला कळते. एक ढोबळ परीक्षा सांगतो. सपाट रस्त्यावर पन्नास मीटर चालून किंवा जिन्याच्या दहा-बारा पायऱ्या चढून धाप लागत नसेल तर बहुधा चिंता नाही. लागत असेल, तर तिकीट काढण्यापूर्वी डॉक्टरांना भेटा. काढल्यावर नव्हे. तिकीट काढून आलेल्या पेशंटला 'जाऊ नका' सांगणे किती अवघड असते ते आम्हालाच ठाऊक.

दाब कमी झाला की हवा फुगते, हा शाळेतला नियम. पोटातला वायू सुमारे एक तृतीयांशाने फुगतो. म्हणून त्या सकाळी राजमा, हरभरे, सोड्याची पेये टाळलेली बरी. पण फुगणारी हवा एका जागी फार धोक्याची ठरते, ती म्हणजे डोळा. पडदा सरकल्यावर जी शस्त्रक्रिया करतात तीत कधी कधी डोळ्यात वायूचा बुडबुडा भरतात. तो विरून जायला, वायू कोणता आहे त्यावर, दोन ते आठ आठवडे लागतात. तोवर विमानात बसले तर बुडबुडा फुगून डोळ्यातला दाब वाढतो आणि दृष्टी कायमची जाऊ शकते. इथे दीड तास की पंधरा तास हा प्रश्नच नाही, वर चढणेच वर्ज्य. साध्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेची गोष्ट वेगळी आहे, तीत असा बुडबुडा सहसा नसतो. तरी आपल्या डोळ्यांच्या डॉक्टरांना नेमके विचारावे, "वायू भरला आहे का?" नुकताच हृदयविकाराचा झटका आलेला, नुकतेच पोटाचे ऑपरेशन झालेला, फुप्फुसाबाहेर हवा साठलेला रुग्ण यांनीही आपल्या डॉक्टरांच्या लेखी परवानगीशिवाय जवळच्या विमानाचेही नाव काढू नये. ज्यांना उडायचेच नाही त्यांच्यासाठी इटली-ग्रीस हा मार्ग अजून समुद्रानेही खुला आहे. रोमहून रेल्वेने चारएक तासांत बारी बंदर, तिथून रात्रभराच्या बोटीने साधारण सोळा तासांत पात्रास, आणि पुढे अथेन्सपर्यंत बसचे तीनएक तास. वेळ भरपूर लागतो, पण दाब बदलत नाही.

कानांचे दुखणे अगदी सर्वसाधारण, आणि त्याचा अंतराशी काडीचा संबंध नाही. घशातून मधल्या कानाकडे एक बारीक नळी जाते. विमान चढताना कानातली फुगलेली हवा या नळीवाटे सहज बाहेर पडते. उतरताना बाहेरचा दाब वाढतो, आणि हवा आत शिरायला मात्र नळी मुद्दाम उघडावी लागते. सर्दीने ती सुजलेली असेल तर उघडत नाही आणि कानाचा पडदा आत ओढला जातो. फ्युमिचिनो समुद्राच्या पातळीला जवळजवळ टेकलेले, अथेन्सचे विमानतळ सुमारे ९४ मीटरवर. म्हणजे दोन्हीकडे उतरताना कानांना पूर्ण उतार उतरावा लागतो, सवलत नाही. मुंबईहून बारा तासांच्या विमानात गेलात तरी कान एकदाच चढतात आणि एकदाच उतरतात. सहलीत मात्र मुंबईहून आखाती देशात, तिथून रोम, रोमहून अथेन्स, पुन्हा आखात, पुन्हा मुंबई, असे पाच चढ आणि पाच उतार होतात. कानांचे तिकीट किलोमीटरवर नसते, उतारांवर असते.

उपाय साधे आहेत. विमान उतरू लागले, म्हणजे टेकण्याच्या सुमारे अर्धा तास आधी, की जागे राहावे. झोपेत माणूस कमी वेळा गिळतो. लवंग, गोळी, च्युइंगगम काहीतरी चघळत राहावे, घोट घोट पाणी प्यावे. नाक चिमटीत धरून, तोंड मिटून, हळूच फुंकर मारल्यासारखे करावे. जोर लावू नये. बाळाला त्या वेळी अंगावर पाजावे किंवा बाटली द्यावी. ते रडले तरी रागावू नका, रडण्यानेही नळी उघडते. सर्दी असेल तर उतरणे सुरू होण्याच्या अर्धा तास आधी नाक मोकळे करणारे थेंब घालता येतात, पण रक्तदाबवाल्यांनी ते आधी विचारून घ्यावेत.

आता पाय. बसून राहिल्याने पायांच्या खोल शिरांत रक्त गोठते ही गोष्ट विमानापुरती नाही. १९४० साली लंडनवर बॉम्ब पडत असताना लोक भुयारांत रात्र रात्र कापडी खुर्च्यांवर बसून काढत, आणि त्यातले काही अचानक दगावले. पायातली गुठळी फुप्फुसात गेली होती. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली जाहीर केलेल्या अभ्यासात असे आढळले की चार तासांहून अधिक वेळ एका जागी बसून प्रवास केला तर गुठळीचा धोका साधारण दुप्पट होतो, मग ते विमान असो, रेल्वे असो वा बस. निरोगी माणसात हे प्रमाण सुमारे सहा हजारांत एक, म्हणजे घाबरून जाण्याजोगे नाही. थोड्या दिवसांत अनेक उड्डाणे केली तर धोका वाढतो हेही त्याच अभ्यासातले.

रोम-अथेन्सचे दोन तास या चार तासांच्या रेषेच्या आतच आहेत. नुसते तेवढे उड्डाण असते तर मी पायांचा विषय काढलाच नसता. पण आपला माणूस रोमला उगवलेला नसतो. तो आपल्या गावाहून मुंबईपर्यंत रात्रीच्या बसमध्ये पाय दुमडून आलेला असतो, पुढे सहा हजार किलोमीटरहून अधिक उडालेला असतो, आणि इटलीत चार दिवस सहलीच्या बसमध्ये बसलेला असतो. पूर्वी गुठळी झालेली असेल, नुकते हाडाचे ऑपरेशन झाले असेल, कॅन्सरचे उपचार चालू असतील, हार्मोनच्या गोळ्या चालू असतील, अशांनी सगळ्या बैठका मिळून हिशेब करावा आणि डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. बाकीच्यांनी तासा-दीडतासाला उठून चार पावले टाकावीत, बसल्या जागी टाचा आणि चवडे आळीपाळीने उचलावेत. प्रवासात एका पोटरीला सूज आली, ती दुखू लागली, किंवा छातीत कळ येऊन धाप लागली, तर सहलीचा कार्यक्रम बाजूला ठेवून लगेच दवाखाना गाठावा. युरोपीय संघाच्या सर्व देशांत तातडीचा फोन नंबर ११२ आहे, इटलीतही तोच आणि ग्रीसमध्येही तोच.

आपल्या बायकांविषयी एक गोष्ट मला मुद्दाम लिहावीशी वाटते. प्रवासात शौचालय सापडेल की नाही या भीतीने त्या पहाटेपासून पाणीच पीत नाहीत. बऱ्याचजणी लघवीची गोळी परस्पर बंद ठेवतात. विमानातली हवा वाळवंटासारखी कोरडी असते, त्यात उपाशीपोट आणि तहान. मग अथेन्सला उतरून उभ्या राहिल्या की डोळ्यांपुढे अंधारी. दोन्ही विमानतळांवर शौचालये आहेत, विमानात आहेत. पाणी प्या. पाण्याची गोळी पोचल्यावर घेतली तर चालेल का, हे निघण्यापूर्वी विचारून ठेवा. नवरेमंडळींनीही रांगेत घाई करू नये.

आणि हे साडेआठ तास संपतात तेव्हा काय होते? कार्यक्रमपत्रिकेत पुढची ओळ असते : दुपारी अक्रोपोलिस दर्शन. कोणीतरी टेबलावर बसून दोन तासांचे विमान धरून हे लिहिलेले असते. अथेन्सचा उन्हाळा आपल्या विदर्भाची आठवण करून देणारा असतो. जुलै २०२३ आणि जून २०२४ मध्ये उष्णतेच्या लाटेत अक्रोपोलिस दुपारच्या वेळी पर्यटकांना बंद ठेवावे लागले होते. वर उघडा खडक, घासून गुळगुळीत झालेला संगमरवर, सावली जवळजवळ नाही. पहाटे पाचला उठलेला, अर्धपोटी, पाणी न प्यालेला साठीचा माणूस दुपारी साडेतीनला त्या टेकडीवर चढवायचा, हे मला वैद्यकीय दृष्ट्या मुळीच पटत नाही. पैसे भरताना सहल कंपनीला हे ठणकावून विचारावे. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला नेता येत असेल तर उत्तम. नसेल तर हृदयविकार असलेल्यांनी त्या दुपारी हॉटेलात झोप काढावी. अक्रोपोलिस अडीच हजार वर्षे तिथे आहे.

औषधांच्या यादीवर कंपनीचे नाव न लिहिता औषधाचे मूळ नाव इंग्रजीत लिहून घ्या. आपली क्रोसिन म्हणजे पॅरासिटामॉल. तेच इटलीत ताकिपिरिना या नावाने मिळते आणि समुद्र ओलांडून दोन तासांवर ग्रीसमध्ये देपोन होते. क्रोसिन मागाल तर दोन्हीकडचा दुकानदार खांदे उडवील, पॅरासिटामॉल म्हणाल तर लगेच देईल. औषधाचे दुकान हिरव्या क्रॉसवरून ओळखावे. कोडीन असलेले खोकल्याचे औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय नेऊ नका.

अंतराचा एक उपयोग मात्र सांगितला पाहिजे. युरोपीय संघाने २००४ साली केलेल्या नियमात विमानाला उशीर झाल्यास प्रवाशांची सोय कधी करायची हे उड्डाणाच्या किलोमीटरवर ठरवले आहे. दीड हजार किलोमीटरपर्यंतच्या उड्डाणाला दोन तास किंवा अधिक उशीर होणार असेल तर खाणेपिणे कंपनीने द्यायचे. आपले १,०८५ किलोमीटर त्यात बसतात. मधुमेही माणसाने अशा वेळी संकोच करू नये. काउंटरवर जाऊन मागावे, आणि तोवर आपल्या पिशवीतला दशमी-चटणीचा डबा उघडावा.

परतीचे विमान पहाटेचे असेल तर सारा हिशेब आणखी तीन तास मागे सरकतो. सहाचे विमान म्हणजे अडीचला उठणे. अशा वेळी आदल्या रात्रीच हॉटेलच्या काउंटरवर न्याहारीचा डबा सांगून ठेवावा, आणि शाकाहारी म्हणून त्यात नेमके काय भरणार आहेत हेही विचारून घ्यावे. नाहीतर पुन्हा सफरचंदावर भागवावे लागते.